ओळखीची सही

कातडी पिशवी खिडकीच्या फळीवर त्याने अगदी अलगद ठेवली. तरी तिच्या पितळी कडीने खट्ट केलंच. पलीकडे रोखपाल पावती लिहीत होते. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग पिशवीवरच्या मध्यवर्ती बँकेच्या शिक्क्याकडे, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या तोंडाकडे.

"तू आलास होय," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील."

त्यालाही तसंच वाटलं होतं. निदान त्याने तशी आशा केली होती. पण साहेबांनी यादी वाचता वाचता त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, हा भाग तुमच्या माहितीचा आहे ना, मग तुम्हीच जा. तेव्हा तो नाही म्हणू शकला असता. त्याने मान हलवली होती, आणि मान हलवायला त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं.

"किती आहेत?"

"दोनशे चौदा चेक. सगळे तुमच्याच बँकेवरचे."

रोखपालांनी टाक खाली ठेवला. "दीड महिना साठवलेत म्हणजे. हे आज सगळे दिले तर उद्या वीटभट्टीच्या पगाराला तिजोरीत झुरळंसुद्धा उरायची नाहीत. माहीत आहे ना तुला?"

त्याला माहीत होतं. म्हणून तर शुक्रवार निवडला होता.

मध्यवर्ती बँक सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. नव्या सुनेने फडताळ लावायला घ्यावं, तसे तिने देशभरच्या बँकांचे व्यवहार लावायला घेतले होते. पहिली कुऱ्हाड पडली ती वटणावळीवर. बाहेरगावचा चेक टपालाने वटवायला आला की लहान बँका शंभरामागे थोडी रक्कम कापून उरलेली पाठवत. रोकड पाठवायची म्हणजे पेटी आली, पहारा आला, माणसाचा प्रवास आला, त्याचा तो खर्च. तीच वटणावळ. मध्यवर्ती बँकेचं म्हणणं, शंभराचा चेक म्हणजे शंभर, नव्व्याण्णव नव्हे. म्हणणं खोटं नव्हतं. पण लहान बँकांचा निम्मा संसार त्या वटणावळीवर चालायचा, हेही खोटं नव्हतं. परिपत्रक निघालं, संमतीपत्रं गेली, बहुतेकांनी नाक मुरडत सह्या केल्या. काहींनी केल्या नाहीत. त्यांतली एक ही बँक, आणि ही बँक त्याच्या मामांची.

सह्या न करणाऱ्यांचं काय करायचं, यावर मोठ्या टेबलाभोवती दोन दिवस खल चालला होता. तो भिंतीकडेच्या खुर्चीवर टिपणं घेत बसला होता. कुणालाच काही सुचत नव्हतं, आणि त्याला सुचलं. टपालाने गेलेला चेक ते कापतात, तो म्हणाला, पण काउंटरवर माणूस उभा राहिला तर त्यांना कापता येत नाही. तेव्हा चेक साठवावेत आणि एके दिवशी सगळे एकदम हजर करून रोख मागावी. साहेबांनी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. आठवड्यात त्याचं धोरण झालं आणि महिन्यात त्याला त्याच टेबलाशी हातांची खुर्ची मिळाली. हे तुला कुठून सुचलं, असं मात्र कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तर खरं सांगायची पंचाईत झाली असती. तो अकरा वर्षांचा असताना वडील गेले, आणि आई त्याला घेऊन भावाकडे आली. बँकेच्या वरच्या मजल्यावर मामांचं बिऱ्हाड. संध्याकाळी तो खाली येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर गणितं सोडवायचा. एकदा त्याने विचारलं, मामा, तुम्ही लोकांचे पैसे कापता का? मामा हसले होते. त्यांनी त्याला वटणावळ समजावून सांगितली, पेटी आणि पहाऱ्यासकट, आणि म्हणाले, "पण लेका, जो स्वतः चालत दारात येतो ना, त्याचा एक पैसाही कापायचा नाही. तो मागेल ते पुरतं द्यायचं. बँक म्हणजे तेवढंच." खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. ह्याने नुसते मोजले नाहीत, मोजून दुसऱ्याला नकाशा काढून दिला.

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मामा बाहेर आले. केस पांढरे झाले होते. कोटाच्या बाह्यांवर शाई लागू नये म्हणून चढवलेल्या काळ्या कापडी बाह्या तेवढ्या तशाच होत्या. त्यांनी पिशवी पाहिली. रोखपालांनी हलक्या आवाजात आकडा सांगितला.

"मामा," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला सापडेना. सबंध प्रवासात त्याने ते घोकलं होतं.

"बसा," मामा म्हणाले. "प्रवास नीट झाला?"

अकराव्या वर्षापासून या माणसाने त्याला 'अरे' म्हटलं होतं, 'लेका' म्हटलं होतं, एकदा शाईची दौत सांडली तेव्हा 'गाढवा'ही म्हटलं होतं. 'बसा' कधी म्हटलं नव्हतं. तो बसला नाही.

"संमतीपत्रही आणलंय," तो घाईघाईने म्हणाला. "तुम्ही त्यावर सही केलीत तर हे चेक मी परत घेऊन जातो. पुढे सगळं टपालाने येईल. मी स्वतः बघेन, मामा, तुम्हाला त्रास..."

"सही केली तर दोन वर्षांत बँक बंद. नाही केली तर उद्या. असंच ना?" मामांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "चेक हजर केलेत, तर रोख मिळेल. फक्त एक अडचण आहे. अनोळखी माणसाला रोख द्यायची तर इथल्या एखाद्या खातेदाराची ओळखीची सही लागते. आमचा जुना नियम आहे."

"मी अनोळखी?"

"मध्यवर्ती बँकेतून प्रथमच कुणी आलंय," मामा म्हणाले. "बाजारात बघा. कुणीतरी देईल सही." त्यांनी खणातून छापील कागद काढून खिडकीतून सरकवला आणि ते आत गेले.

पहिल्यांदा तो घड्याळजीकडे गेला. बँकेसमोरच दुकान. डोळ्याला भिंग लावून घड्याळजी एका घड्याळाचं पोट उघडून बसला होता. लहानपणी त्याने ह्याच दुकानाची काच चेंडूने फोडली होती, आणि मामांनी ती भरून दिली होती. कागद पाहून घड्याळजीने भिंग काढलं नाही.

"बँकेतून पैसे काढायला माझी सही?" तो म्हणाला. "दृष्टी अधू झालीय हो माझी. माणसं ओळखू येत नाहीत हल्ली."

आणि चिमट्याने मुगाएवढं चाक उचलून त्याने बरोबर जागच्या जागी बसवलं.

तोवर बातमी त्याच्या पुढे धावत होती. बाजारात काय, एका टोकाला शिंकावं तर दुसऱ्या टोकाला जपून राहा म्हणतात. शाळेच्या पायऱ्यांवर म्हातारे मास्तर भेटले. त्यांनी त्याला पाढे शिकवले होते, छड्याही दिल्या होत्या आणि गणितात पहिला आला तेव्हा सगळ्या वर्गापुढे पाठ थोपटली होती. त्यांनी कागद हातभर लांब धरून शेवटपर्यंत वाचला, शुद्धलेखन तपासावं तसा.

"चेहरा ओळखीचा आहे," ते म्हणाले. "पण सही करण्याइतका नाही."

कान तापले होते. ह्या रस्त्याने तो पूर्वी पळत जायचा, आता कडेकडेने चालत होता, आणि ज्या दुकानावरून जाई तिथलं बोलणं थांबत होतं. त्याला लाज वाटत होती. कामाची लाज नव्हे, काम कायदेशीरच होतं. आपण ते किती हुशारीने सुचवलं, सुचवताना आपल्याला किती छान वाटलं, याची लाज.

शेवटी तो बँकेच्या मागच्या जिन्याने वर गेला. मामी खिडकीशी बसून कोटाचं अस्तर शिवत होत्या. त्यांचंही खातं होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यांनी त्याला नुसतं पाहिलं आणि सुई कापडात टोचून ठेवली.

"वाळलास रे," त्या म्हणाल्या.

त्याने कागद पुढे केला नाही. हातातच घडी घालून धरला. पण बाजाराची बातमी जिना चढून कधीच वर आली होती.

"मला नको विचारूस," मामी म्हणाल्या. "सही केली तर ह्यांच्या तिजोरीला मीच हात लावल्यासारखं होईल. आणि तुला ओळखत नाही, असं माझ्याच्याने म्हणवणार नाही. म्हणून विचारूच नकोस. पाणी पिऊन जा."

पाणी पिऊन तो खाली उतरला. आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर त्याच्या एकाएकी लक्षात आलं की आपण सुटलो. ओळख मिळाली नाही, म्हणजे रोख मिळाली नाही. पिशवी उचलायची आणि परत जायचं. उद्याचे पगार होतील. पुढच्या वेळी साहेब दुसऱ्या कुणाला पाठवतील. मामांनी हे मुद्दामच केलं असणार, दोघांनाही वाट काढून दिली असणार! त्याच्या अंगातला ताण सैल झाला. खिडकीशी पोचेपर्यंत तो जवळजवळ हसत होता.

मामा आता खिडकीपलीकडे उभे होते. बाकावर पाचसहा खातेदार येऊन बसले होते, काम काही नसताना. घड्याळजीही होता, आणि त्याला आता सगळं स्वच्छ दिसत होतं.

"कुणी नाही मिळालं," तो म्हणाला. "काही हरकत नाही, मामा. मी तसा शेरा मारतो आणि चेक परत नेतो."

"कसा शेरा?"

"की ओळखीअभावी चेक वटले नाहीत."

"वटले नाहीत," मामा म्हणाले. त्यांनी ते शब्द सावकाश उच्चारले. "दोनशे चौदा चेक या खिडकीवर आले आणि बँकेने परत केले, असं लिहून नेणार. तिथे तुमच्या पत्रकात ते छापून निघणार. कशाअभावी, ते कोण वाचतं?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या मोठ्या टेबलाशी नेमकं सुचलेल्या डोक्यात हे साधं आलं नव्हतं.

"तुम्हीच तर नियम सांगितलात," तो पुटपुटला.

"नियम आहे म्हणून सांगितला. आणि खरं सांगायचं तर, पाहायचंही होतं." काय पाहायचं होतं, ते मामांनी सांगितलं नाही. "तुम्ही सुटल्यासारखे हसत आलात. एकतीस वर्षांत या खिडकीवरून चेक परत गेलेला नाही. तुमच्या सोयीसाठी जायचा नाही."

मामांनी काळ्या बाह्या एकेक करून उतरवल्या, घडी घालून रोखपालांच्या टेबलावर ठेवल्या. मग लाकडी फाटक उघडून ते इकडच्या बाजूला आले, जिथे गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे, आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ.

"मीही खातेदार आहे," ते रोखपालांना म्हणाले. "टाक द्या."

रोखपालांनी टाक दिला नाही. "उद्या पगाराला लोक येतील," ते म्हणाले.

"येतील. त्यांना मी तोंड देईन. टाक द्या."

टाक आला. त्याने मुठीत चुरगळलेला कागद मामांनी काढून घेतला, तळहाताने फळीवर सपाट केला. नाव लिहिलं. खाते क्रमांकाच्या जागी एक हा आकडा लिहिला. अक्षर पूर्वीसारखंच होतं, उभं आणि मोकळं, ज्यावर गिरवून गिरवून त्याचं स्वतःचं अक्षर झालं होतं. शेवटचा रकाना उरला. धारकास केव्हापासून ओळखता?

टाक तिथे थांबला. शेजारी उभ्या उभ्या त्याने मनात हिशेब केला. सव्वीस वर्षं. आईचा हात धरून तो या फाटकातून आत आला होता, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. मामा ते लिहितील, आणि ते लिहिलेलं घेऊन जायला आपण जिवंत राहू की नाही, असं त्याला वाटलं.

मामांनी टाक पुन्हा शाईत बुडवला आणि लिहिलं, आजपासून.

मग सही केली, टिपकागद दाबला, फाटकातून पलीकडे गेले, बाह्या चढवल्या आणि तिजोरीची किल्ली घेऊन खिडकीशी उभे राहिले.

"नोटा देऊ की नाणी?" त्यांनी विचारलं. "आपल्याला न्यायला काय सोयीचं?"

"नोटा," तो म्हणाला. पण आवाज फुटला नाही, आणि त्याला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.