तुरटीचं काम वरवरचं

मी तुरटी बोलतेय. न्हाव्याच्या दुकानातली, आरशाखालच्या बशीत बसलेली. एरवी माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, पण वस्तरा जरासा लागला की सगळ्यांना मीच हवी. ओली करून गालावर फिरवली की मी झोंबते, गिऱ्हाईक ‘स्स्’ करतं आणि रक्त थांबतं. मोठे मोठे मिशीवाले माझ्यापुढे डोळे घट्ट मिटून घेतात.

दुकान थोरल्या न्हाव्यानं मांडलेलं. मला बाजारातून पारखून आणलं तेही त्यांनीच. “कापलं की आधी तुरटी, मग माफी,” असं ते मुलाला शिकवायचे. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी वस्तरा मुलाच्या हाती दिला आणि मग दुकानामागच्या खोलीत अंथरूण धरलं.

एका दुपारी ते म्हणाले, “केस फार वाढलेत रे. निदान माणसासारखा दिसू दे मला.”

मुलानं त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि कात्री चालवली. मध्येच बाबांचा डोळा लागला. चपलांचा आवाज नको म्हणून मुलानं त्या काढल्या आणि उरलेले केस अनवाणीच कापले. पांढरे, राठ केस त्याच्या पायाशी पडत होते. बाबा त्या झोपेतून उठलेच नाहीत.

मुलानं दुकान लगेच उघडलं. कुणी हळहळलं तर “वय झालं होतं,” एवढंच म्हणायचा आणि गिऱ्हाइकाचं डोकं खाली वाकवायचा.

पुढे त्याच्या पायाच्या दोन बोटांमध्ये जखम झाली. त्यानं मला ओली केली आणि तिच्यावर घासली. मी कातडी आवळली, जखम मिटली. काही दिवसांनी बोट सुजलं, जखम फुटली. पुन्हा मी, पुन्हा मिटली, पुन्हा फुटली. मला आतलं काही दिसत नाही. कातडी लागली की आवळायची, एवढंच मला येतं. तो खुर्चीचा आधार घेत लंगडत केस कापू लागला.

“अहो, डॉक्टरांना दाखवा,” बायको म्हणाली.

“एवढ्याशाला काय डॉक्टर? बरी होतेय.”

“केव्हाची बरीच होतेय ती!”

शेवटी ती त्याला घेऊनच गेली. काय लावलं ते दाखवायला मलाही कागदात गुंडाळून घेतलं.

डॉक्टरबाईंनी पाय पाहिला, मग मला पाहिलं. “वरून दार लावलंत आणि पू आत कोंडलात. हाडापर्यंत गेलं तर बोट काढावं लागेल. मग दिवसभर उभं कसं राहणार?”

त्याचा चेहरा पडला. बाईंनी जखम उघडली आणि चिमट्यानं आतून बारीक केस काढून कापसावर ठेवले. “न्हाव्यांना होतं असं. कापलेला केस टोकदार असतो, कातडीत घुसतो. तो आत आहे तोवर जखम भरत नाही.”

तो कापसावर वाकला. केस पांढरे होते. “हे बाबांचे आहेत.”

“इतक्या गिऱ्हाइकांत कसं ओळखणार?” बाई म्हणाल्या. खरं सांगायचं तर मीही पैज लावली नसती, दुकानात पांढरी डोकी काय कमी येतात! पण तो ऐकतच नव्हता. बाबा गेल्यापासून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. तिथे, पाय वर ठेवून, तो हुंदके देऊन रडला.

“आरसा दाखवायचा राहिला गं त्यांना,” तो बायकोला म्हणाला. “मला वाटलं, झोपू दे. उठले की दाखवू. कसे दिसतायत ते त्यांनी बघितलंच नाही.”

तिनं त्याचा हात धरला. बाईंनी चिमटा खाली ठेवला.

टाके घालायचे नाहीत, असं ठरलं. जखम उघडी ठेवायची, रोज धुऊन तिच्यात पट्टी भरायची आणि तळापासून भरून येऊ द्यायची. तुरटी बंद. आता सकाळी बायको पट्टी बदलते तेव्हा तो बाबांच्या गोष्टी सांगतो. कधी हसतो, कधी मध्येच गप्प होतो. दुखतंही खूप. बोट वाचेल, असं बाई म्हणतात. वेळ मात्र लागेल.

मी झिजून सुपारीएवढी उरलेय. खरचटलं, वस्तरा लागला, तर खुशाल बोलवा, मी आहे. पण खोल काही लागलं असेल तर मला हात लावू नका. माझ्यानं ती जखम फक्त मिटेल.