एक तांब्या पाणी

मित्रांनो, मी सिडकोतल्या एका वसाहतीचा जुना दगडी बांध आहे. कमरेएवढा उंच, अंगात सिमेंटचा कणही नाही, तरी बारा वर्षं उभा आहे. हे जरा मिरवूनच सांगतो.

१९९६ साली इथे उतारावर उकिरडा होता. पावसाळ्यात त्याचा चिखल थेट खालच्या घरांत शिरायचा. बागांचे आराखडे काढणाऱ्या संपदाताईंनी ठरवलं, की इथे बाग करायची आणि पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवायचं. घरांचे पाये खणताना निघालेले काळे दगड पडूनच होते. ते रचायला पेठ तालुक्यातल्या फुलाबाई आल्या. भातखाचरांचे बांध घालण्यात त्यांची हयात गेलेली. ताईंच्या कागदावरची सिमेंटची भिंत पाहून त्यांनी मान हलवली.

"पानी कोंडायचं नाय, बाई. त्याला घडीभर बसवायचं. दमलं का आपलंआपण निघंल."

ताईंनी निमूट कागदावर काट मारली. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

मी पुरा झालो, तेव्हा फुलाबाईंनी माझ्या पाठीशी तांब्याभर पाणी ओतलं आणि समोर येऊन उकिडव्या बसल्या. फटीतून थेंब पाझरला, तेव्हाच उठल्या. त्यांच्या गावात बांधाची परीक्षा अशीच घेतात.

पुढे करंज, बहावा वाढले. मे महिन्यात आटणारी बोअर आटेनाशी झाली. लांबलांबच्या वसाहतींतून लोक मला बघायला येऊ लागले.

मग २००३ चा ऑगस्ट आला. वसाहतीचे अध्यक्ष वेणीमाधवकाका टापटिपीचे मोठे भोक्ते. झेंडावंदनाला पाहुणे येणार म्हणून त्यांनी माझ्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या, वर गेरू-चुना दिला. खोटं कशाला बोलू, मीही सुखावलो.

नंतर आठ दिवस झड लागली. मागे पाणी तुंबलं आणि मला पोट आलं. बांध धोकादायक, सोमवारी मशीन लावून पाडायचा, असं बैठकीत ठरलं. ताईंच्या हाती दोनच दिवस होते. त्यांनी लगेच पेठला निरोप धाडला.

फुलाबाई शेतातली निंदणी टाकून एसटीने आल्या. त्यांनी माझ्या पोटावर तळवा ठेवला.

"ह्याचं नाकतोंड बुजवलं तुमी. श्वास कुठून घेनार त्यो?"

काका घरातून छिन्नी-हातोडी घेऊन आले आणि स्वतः सिमेंट खरवडायला बसले. पहिला टवका निघताच पाण्याची चिळकांडी त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर उडाली. पाणी ओसरल्यावर फुलाबाईंनी पुढे आलेले दगड उतरवून पुन्हा रचले. सोमवारी मशीन रिकामं परतलं.

आता फुलाबाईंचे गुडघे दुखतात, माझी परीक्षा घ्यायला येणं होत नाही. म्हणून तुमच्याकडे मागतो. मला रंग नको, हार नको. दर जूनमध्ये माझ्या पाठीशी एक तांब्या ओता आणि समोर येऊन बसा. थेंब दिसल्याशिवाय उठू नका.