निळ्या डब्याची वायर

मित्रांनो, निळ्या डब्यात सगळे आवाज नाहीत हे कळलं तो रविवार होता. लेक माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. पडद्याकडे बघत ती म्हणाली, "बाबा, यातली शेवटची तारीख आठ महिन्यांपूर्वीची आहे. त्यानंतर काहीच नाही. असं कसं झालं?"

बाबा दारात उभे होते. उत्तर मला माहीत होतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

मी या घरातला जुना संगणक. बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या फळीवर, इस्त्रीशेजारी माझी जागा आहे. माझी पहिली नोकरी वाचनालयात झाली. कोणी कुठलं पुस्तक नेलं आणि कोणी परत आणलं नाही, हे मी सांगायचो. माझी मूळची प्रणाली जुनी झाली आणि नवी मला पेलवेना, तेव्हा मला भंगारात काढलं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला चादरीत गुंडाळून घरी आणलं. पेनड्राइव्हवरून माझ्यावर लिनक्स नावाची हलकी प्रणाली चढवली. मी पुन्हा तरतरीत झालो. घरातले फोटो सांभाळायचे, प्रिंटर चालवायचा, सकाळी रेडिओ लावायचा आणि सात वाजता बाईंच्या यजमानांच्या फोनवर निरोप पाठवायचा, "गोळी घेतलीत का?" अशी कामं मी अकरा वर्षं केली. बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "हा कधी आजारी पडत नाही." कौतुक कोणाला आवडत नाही?

यजमानांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान आहे. सगळे त्यांना किल्लीवाले म्हणतात. जगातल्या एकाही कुलपावर त्यांचा विश्वास नाही, कारण प्रत्येक कुलूप उघडतं हे त्यांना माहीत आहे. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात. तेवढ्यानं भागत नाही, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात आणि चौथ्यांदा ओढतात. असा माणूस माझ्याकडे प्रेमानं कसा बघणार? त्यात बाईंच्या धाकट्या भावानं काडी टाकली.

"भाऊजी, ताई म्हणते हे लिनक्स फुकट मिळतं. जगात फुकट कोण काय देतं? यात काहीतरी गोम आहे."

बाई आतून म्हणाल्या, "मी यांना तीस वर्षं फुकट जेवायला घालते आहे. त्यात गोम दिसली का रे तुला?"

"बघा भाऊजी, मी म्हटलं नव्हतं? आजपासून ताटही तपासून घ्या!"

सगळे हसले. किल्लीवाले हसले, पण संशय काही गेला नाही. खरं तर लिनक्सचा स्वभाव त्यांच्यासारखाच आहे. काही मोठं करायला जा, ते आधी विचारतं, तू कोण? परवलीचा शब्द सांग. आमचं जमायला हवं होतं.

मग बाई आजारी पडल्या. त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत, माझ्यासमोर आला. उठवत नसे, म्हणून त्या पडल्या पडल्या फोनवर बोलून ठेवायच्या. टाकी कधी धुवायची, मोजे कुठल्या खणात आहेत, कोणाशी किती वर्षं अबोला आहे आणि तो का सोडायचा. आपल्यामागे घर कसं चालवायचं ते. असं त्यांनीच एकदा भावाला सांगितलेलं. "यांना काही माहीत नाही रे. चहाचा डबासुद्धा सापडत नाही."

बोलणं संपलं की तो आवाज माझ्याकडे यायचा. मी तो ठेवायचो आणि लगेच त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर करायचो. तोच निळा डबा. प्रत होताना त्याचा दिवा लुकलुकायचा.

किल्लीवाल्यांनी तीन दिवस हे पाहिलं. बाई बोलल्या की दिवा लुकलुकतो. बाई गप्प, दिवा गप्प. चौथ्या दिवशी बाईंचा डोळा लागला होता तेव्हा ते माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "ऐकतोस काय रे तिचं? कोणाला सांगतोस?" त्यांनी वायर ओढून काढली आणि निळा डबा जुन्या कुलपांच्या खणात टाकला. बाईंना सांगितलं नाही. आजारी माणसाला कशाला त्रास, असं त्यांना वाटलं असणार.

आता माझी चूक ऐका. बाईंनी मला लिहून दिलं होतं, नवा आवाज आला की त्याची प्रत "डबा" नावाच्या कप्प्यात ठेव. डिस्क जोडलेली असली की तो कप्पा म्हणजे ती डिस्क. डिस्क काढली तरी त्या नावाचा रिकामा कप्पा माझ्याच पोटात उरतो. मी त्यात प्रती ठेवत राहिलो आणि रोज लिहीत राहिलो, "प्रत झाली. सर्व ठीक." डिस्क आहे का ते आधी बघ, ही एक ओळ बाईंच्या हातून लिहायची राहिली होती. आणि मी सांगितलेलं करणारा. विचारणारा नाही.

बाई गेल्या. किल्लीवाल्यांनी माझ्यावर टॉवेल टाकला. सातचा निरोप मात्र मी पाठवत राहिलो. तो बाईंच्या नावानं जायचा आणि त्याच पाठवतात असं किल्लीवाल्यांना इतकी वर्षं वाटत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी फोन दूर ठेवला. हे तिच्या नावानं कोण लिहितं, म्हणून मेहुण्याला फैलावर घेतलं, शेजाऱ्यावर डोळा ठेवला. खरं कळलं तेव्हा ते माझा प्लग काढायला आले. हात प्लगवर ठेवून बराच वेळ बसले आणि तसेच उठून गेले. टॉवेलाखाली माझ्यात धूळ साचली, मी तापू लागलो. माझी डिस्क कटकट आवाज करू लागली. म्हणून लेक आली.

"आईनं दुसरी प्रत ठेवलीच असणार," असं ती विश्वासानं म्हणाली होती, तेव्हा बाबांनी कुलपांच्या खणातून निळा डबा काढून दिला होता. प्रत होती. माझ्याच आजारी पोटात. एका खिशातलं काढून दुसऱ्या खिशात ठेवावं आणि कोटच जळावा, तसं.

"वायर मी काढली," किल्लीवाले शेवटी म्हणाले. "मला वाटलं हा तिचं ऐकतोय."

लेक म्हणाली, "बाबा, निदान सांगायचं तरी होतं हो."

नव्या डिस्कवर एकेक तुकडा उतरवत ती संध्याकाळपर्यंत बसली. आवाज एकूण त्रेचाळीस होते. चार निळ्या डब्यात होते, एकतीस माझ्यातून निघाले. आठ गेले. त्या आठांत काय होतं ते कोणालाच माहीत नाही. बाई असेपर्यंत कोणी ते ऐकले नाहीत आणि नंतर कोणाला धीर झाला नाही. किल्लीवाल्यांनी मला विचारलं, खरंच विचारलं, "तुला तरी आठवतं का रे?" नाही. मी फक्त ठेवतो. ते समजत होते तसा मी ऐकत असतो, तर आज सांगू शकलो असतो.

मित्रांनो, संशय घ्या, पण काढलेली वायर घरात सांगा. आणि "सर्व ठीक" असं कोणी रोज म्हणत असेल, तर एकदा जाऊन बघा.

माझ्यात आता नवी डिस्क आहे, अंगावर टॉवेल नाही. लेक ती राहिलेली ओळ लिहायला बसली, तेव्हा किल्लीवाले म्हणाले, "नको. तिच्या लिहिण्यात हात घालू नकोस. मी बघेन." ते रोज सकाळी सातच्या निरोपानंतर येतात, निळ्या डब्याची वायर तीनदा ओढून बघतात, जातात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतात. पस्तीसपैकी सहा आवाज त्यांनी ऐकले आहेत. एकोणतीस राहिलेत.

ती ओळ अजून लिहिलेली नाही.