दारातून परत गेलेली पत्रं

दवाखान्यात तिला सगळे टपालवाल्या बाई म्हणत. कुठली ईमेल आत घ्यायची आणि कुठली नाही, ही चौकी तिच्याच हाती होती. खोट्या मेलचा सुळसुळाट झाला तेव्हा नियम तिनेच लावला: पाठवणाऱ्याची ओळख पटली तरच आत, नाही पटली तर बाजूला ठेवणंसुद्धा नाही, सरळ परत. मोठ्या डॉक्टरांनी भर बैठकीत कौतुक केलं. तीही जरा हरखली.

वजन उतरवायच्या चूर्णवाल्यांच्या मेल मात्र रोज ऐटीत आत येत. त्यांची कागदपत्रं चोख. पत्र कुठल्या घरातून निघालं एवढंच ती तपासणी सांगे. घरातल्या माणसाच्या पोटात काय आहे, ते नाही.

घरी थोरल्या जाऊबाईंच्या डोळ्यांपुढे दाट धुकं होतं. बुबुळ बदलण्यासाठी त्यांचं नाव दवाखान्यामार्फत नेत्रपेढीच्या यादीत होतं. दानातलं बुबुळ मिळालं की पेढी दवाखान्याला मेल करणार, आणि दोन तासांत होकार कळवायचा. जाऊबाई रोज पेढीला फोन करायला निघत. ही म्हणे, "ताई, टपालावर मी बसलेय ना?"

त्या सकाळी तिने परत पाठवलेल्यांची यादी सहज उघडली. कालच्या तारखेला नेत्रपेढीच्या तीन मेल. पेढीकडे दवाखान्याचा जुना पत्ता होता. तिथून त्या इकडे वळवल्या जात. वाटेत हात बदलला, की खरं पत्रही परकं ठरे. परत गेलेली पत्रं त्या जुन्या पत्त्याच्या पेटीत साचत, आणि ती पेटी कुणी उघडतच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही आपल्याच हाताने.

तिने फोन लावला. पेढीतल्या बाई समजुतीने बोलल्या. उत्तर आलं नाही म्हणून बुबुळ दुसऱ्या रुग्णाला दिलं, नाव खाली गेलं. तिने नवा पत्ता लिहून दिला. पण जुना पत्ता धरून बसलेले आणखी किती असतील?

नियम सैल करू द्या म्हणून ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली. सैल केला तर उद्या माझ्याच नावाने खोटी पत्रं येतील, असं ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं. वर हसून म्हणाले, "नियम तुमचाच ना, बाई?"

संध्याकाळी घरी जाऊबाई चाचपडत शेंगा सोलत होत्या. ती शेजारी टेकली.

"काही आलं का गं?"

नाही म्हटलं असतं तर शब्दाला शब्द खरं होतं. आतपर्यंत काहीच पोचलं नव्हतं. तिने तो शब्द गिळला.

"काल आलं होतं, ताई. मी परत पाठवलं."

हात थांबले. जाऊबाईंनी विचारलं, "मग आता माझा नंबर कितवा?"

"अकरावा."

जाऊबाईंनी पुढची शेंग उचलली. दार उघडंच होतं, पण तिला तिथून उठता येईना.