शेवटचा नळ

चढणीवरच्या त्या गल्लीत आज सगळ्यांचा जीव नळात अडकला होता. पाणीखात्याच्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "एकाही घरात मोटर न लावता शेवटच्या नळाला पाणी पोचलं, तर रोज सकाळी पाणी. नाही पोचलं, तर लाईन बंद. मग टँकर येईल तेव्हा येईल."

शेवटचा नळ सुईणमावशींचा. त्यांचे गुडघे गेलेले; टँकरखाली बादली धरायला त्या कुठून उतरणार? म्हणून शिवणकाम करणाऱ्या वहिनीनं पदर खोचला. घरोघर फिरून तिनं प्रत्येक मोटरची वायर काढून आणली आणि कापडाच्या टोपलीत टाकली. पहिली स्वतःच्या घरची.

"मोटर मुकी केलीस, आता माझा जीवही ने," न्हावीदादा कुरकुरले होते.

"जीव राहू द्या, दादा. त्याला पिन नसते."

आता तीच वहिनी मावशींच्या नळापाशी मनात देवाचं नाव घेत उभी होती. नळ खोकला, फुसफुसला, चार थेंब टाकले आणि गप्प झाला.

"खाली चावी कधीचीच उघडलीय," साहेब म्हणाले. "कुणीतरी ओढतंय."

"न्हाव्याकडे दुसरी मोटर असणार!" बेकरीवाला ओरडला.

"माझ्याकडे? अरे, तुझ्या भट्टीत शोध आधी!"

आवाज चढले. चावी बंद करायला सांगावी म्हणून साहेबांनी खालच्या माणसाला फोन लावायला खिशात हात घातला.

"थोडं थांबा, साहेब. मी हमी घेतलीय सगळ्यांची," म्हणत वहिनी उतारावरून धावत सुटली. दारादाराला कान लावत गेली. न्हाव्याकडे शांत. बेकरीत शांत. आणि स्वतःच्या दारात आल्यावर ती थबकली. आत मोटर घुमत होती.

पिंपाशी सासूबाई बसल्या होत्या. मोटरला वायर लावली होती ती इस्त्रीची! गल्लीभरच्या वायरी मोजून घेणाऱ्या वहिनीला आपल्या इस्त्रीची तेवढी आठवली नव्हती.

"सगळे लबाड असतात गं," सासूबाई पुटपुटल्या. "आपणच कोरडे राहिलो तर?"

"आई, वर मावशींचा नळ सुकलाय. तुमचा लेक त्यांच्याच हातांवर आला ना जगात?"

सासूबाई मोटरपासून बाजूला सरकल्या. वहिनीनं वायर उपटली. घुमणं थांबलं. आता वायर खुंटीला टांगून ती गप्प बसली असती, तर कोणाला कळणार होतं? नाव न्हावीदादांचं झालंच होतं. पण देव काही लांब राहत नाही हो, खोटं गिळायला गेलं की नेमका घशाशीच बसलेला असतो!

ती वायर हातात घेऊन चढण चढली. वर बादलीत धार पडत होती, आणि बेकरीवाला विचारत होता, "सापडला ना न्हावी?"

"माझ्या घरची आहे," वहिनी धापा टाकत म्हणाली. "इस्त्रीची. दादांचा काही दोष नाही."

साहेबांनी नळाखाली तळवा धरला, बराच वेळ धरला.

"धार चांगली आहे," अखेर ते म्हणाले. "उद्यापासून चावी रोज उघडेल. पण पुन्हा मोटर ऐकू आली, तर मला विचारायला येऊ नका."

न्हावीदादांनी पुढे होऊन वहिनीच्या हातातली वायर घेतली.

"ही माझ्याकडे राहील," ते म्हणाले. "आणि वहिनी, इस्त्री करायची असली की कपडे आणि इस्त्री घेऊन माझ्या दुकानात यायचं. सासूबाईंनाही आणा, म्हणजे त्यांच्यावर नजर राहील."

मावशी पहिल्यांदा हसल्या, आणि भरलेली बादली त्यांनी पायानं हळूच पुढे सरकवली. "दमलीस गं पोरी. आधी तू तोंड धू."