अंगठीला रेंज

"हलली! हलली बघा!"

दिवाणखान्यातल्या सगळ्या बायकांनी श्वास रोखला. टेबलावर गोल ताटली, तिच्यावर खडूनं काढलेल्या दोन रेघा. उभीवर 'हो' लिहिलेलं, आडवीवर 'नाही'. वर दोऱ्याला बांधलेली अंगठी लोंबत होती. दोरा घरमालकीण मावशींच्या हातात, आणि अंगठी त्यांच्या वारलेल्या यजमानांची. हात जागचा हलत नव्हता, तरी अंगठी झोके घेऊ लागली होती.

"अहो, डोळ्याचं ऑपरेशन करू का?" मावशींनी विचारलं होतं. अंगठी आडवी झुलली. नाही.

"झालं! काकांनी निकाल दिला," दर रविवारी ही बैठक घेणाऱ्या अंगठीवाल्या ताई म्हणाल्या. "विज्ञानच सांगतं ना, सगळं जग कंपन आहे? मग आत्मा तरी काय, कंपनच! मोबाइलला रेंज लागते तशी अंगठीला लागते. आणि इथं रिचार्जसुद्धा मारावा लागत नाही!"

रिचार्ज अर्थात होताच, जाताना तो ताईंच्या पिशवीत निमूटपणे पडत असे. ताईंनी भारलेल्या पाण्याची बाटली काढून मावशींच्या हाती दिली. "सकाळ-संध्याकाळ डोळ्यात दोन-दोन थेंब." डॉक्टरांनी बजावलं होतं, की डोळ्यातला दाब वाढतोय, टाळाटाळ केलीत तर नजर जाईल आणि गेलेली परत येणार नाही. पण डॉक्टर पडले परके, काका घरचे.

कोपऱ्यात मावशींची भाडेकरू मुलगी बसली होती. ती विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होती, म्हणजे खरं तर तिनं हसायला हवं होतं. ती हसली नाही, कारण तिला ही गर्दी हवी होती. वर्गात तिच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असे. आठवडाभर तिच्याशी कुणी बोललंच तर लायब्ररीतला शिपाई, तेही "वेळ संपली" एवढंच. इथं रविवारी कुणीतरी "जेवलीस का गं?" विचारायचं. शिवाय आई भेटायची. वारलेल्या आईची अंगठी दोऱ्याला बांधून ती विचारायची, "आई, मी इथं राहू ना?" अंगठी उभी झुलायची. त्या एका 'हो'वर तिचा आठवडा निघायचा.

मग एकदा प्रॅक्टिकलला मॅडमनी प्रत्येकाच्या हातात एक दोरा दिला. दोऱ्याला लोखंडी नट बांधलेला. "हात हलवू नका. मनात नुसतं म्हणा, डावीकडून उजवीकडे." वर्गभर नट डोलायला लागले. मुलं खिदळली, हिनं मात्र आपला नट मुठीत घट्ट धरला.

"मनात आलं की स्नायू त्याच्यामागे जातात," मॅडम म्हणाल्या. "इतके बेमालूम, की आपल्यालाच पत्ता लागत नाही. यात कुणी खोटं बोलत नसतं, म्हणून तर माणूस फसतो."

त्या दुपारी तिनं खोलीचं दार लावलं. डोळे गच्च मिटून ताटली भिंगरीसारखी फिरवली, दोरा धरला, आईला तोच प्रश्न विचारला आणि डोळे उघडले. अंगठी 'नाही'वर झुलत होती. पुन्हा केलं, तेव्हा ती दोन्ही रेघांच्या मधेच कुठेतरी झुलत राहिली. आईला ताटली दिसत नव्हती, कारण तिला स्वतःला ती दिसत नव्हती. इतके महिने ती आपली आपल्याशीच बोलत होती. उशीत तोंड खुपसून ती रडली. आई दुसऱ्यांदा गेली, असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "ताई, मावशींचे डोळे बांधू या? एकाग्रता वाढेल."

"वा! शिकलेली शोभतेस!" ताई फुलल्या. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा हुकूम सोडला, "सगळ्यांनी डोळे मिटा आणि काकांना आठवा." सगळ्यांनी मिटले, खुद्द ताईंनीही. तेवढ्यात मुलीनं ताटली हळूच पाव वळण फिरवली. चारी बाजूंनी बसलेल्या बायकांच्या ते लक्षातही आलं नाही.

मावशींनी ऑपरेशनचं विचारलं. अंगठी त्यांच्यासमोर आडवीच झुलली, पण आता आडव्या रेघेवर 'हो' होतं.

"'हो' आलं!" एकच गलका झाला.

"'हो'?" मावशी पुटपुटल्या. "मला वाटलं…"

"काकांचं मन पालटलं!" ताईंनी क्षणात सूर बदलला. वारा येईल तशी पाठ द्यावी ती यांनीच.

मुलीच्या जिभेवर आलेलं तिथंच थांबलं. गप्प बसलं तर ऑपरेशन होणार होतं, बैठकही चालू राहणार होती, आणि "जेवलीस का?"ही. पण उद्या अंगठी टाके काढा म्हणाली तर?

"मावशी, पट्टी राहू द्या," ती म्हणाली. "काकांना एवढंच विचारा, माझी आठवण येते का?"

मावशींनी विचारलं. अंगठी उभी झुलू लागली, ठाम, लांब झोके घेत.

"गप्प का सगळ्या? 'हो' म्हणाले ना?" मावशींनी पट्टी वर सारली. अंगठी 'नाही'वर झुलत होती.

त्यांचा चेहरा बघवेना. मुलगी त्यांच्यापाशी खाली बसली. "ताटली मी फिरवली, मावशी. काका असते तर त्यांना दिसलं असतं. हा हात तुमचाच आहे. तुम्हाला जे वाटतं तिकडे तो आपोआप जातो. माझाही जात होता."

"मग इतके दिवस 'नाही' कोण म्हणत होतं?"

"तुमची भीती."

"नास्तिकाची सावली पडली की कंपनं बिघडणारच!" ताईंनी पिशवी उचलली. नाचता येईना, अंगण वाकडं. त्यांच्या मागोमाग बायकाही उठल्या. मुलीला त्या दिवशी कुणीच जेवणाचं विचारलं नाही. मावशीसुद्धा आतल्या खोलीत गेल्या त्या तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ती आठवडाभर एकटीच जेवली. खरं बोलल्याचं बक्षीस म्हणतात ते हे.

मग एका सकाळी दारावर टकटक झाली. "डॉक्टरांकडे एकटी कशी जाऊ गं मी?"

ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी बांधून मावशी दवाखान्याच्या खाटेवर पडल्या होत्या. "तू गप्प बसली असतीस तरी मी आलेच असते," त्या म्हणाल्या. "'हो' आलं होतं ना!"

"आणि पुढच्या रविवारी 'नाही' आलं असतं तर?"

मावशींनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. आपली माणसं जातात, घर खायला उठतं, आणि अशा वेळी दोरा हातात देणारं कुणी ना कुणी हमखास भेटतं. तो दोरा धरण्याआधी एकदा डोळे बांधा आणि ताटली फिरवून बघा. एवढं केलं तरी पुरे.

"शिक्षण संपेपर्यंत राहशील ना माझ्याकडे?" मावशींनी तिचा हात चाचपडत धरला.

"हो," ती म्हणाली. या वेळी तिनं आईला विचारलं नाही.