रक्तातली लेक

मिराबाईच्या पोटदुखीवर औषध सांगितलं नाही, असा एक माणूस साखऱ्याजवळच्या त्या तांड्यात सापडला नसता. कुणी बेलफळ चारलं, कुणी नजर उतरवली. फुकटच्या सल्ल्याला काय तोटा! परसाकडे रक्त पडायचं ते पडतच राहिलं.

पण तिची खरी तकलीफ वेगळी होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना सातव्या महिन्यात तिची लेक पोटातच गेली. नवऱ्यानं, फुलसिंगनं, ती फडक्यात गुंडाळून बांधावरच्या पळसाखाली पुरली. आईला तोंड दाखवू नये, जीव अडकतो, असं म्हाताऱ्या म्हणाल्या. न दाखवल्यानं तो अडकला, त्याचं काय? दिवेलागणीला बांधावरून रडं ऐकू यायचं आणि मिराबाईचा भाकर थापणारा हात थांबायचा. फुलसिंगला विचारावं, तर तो उठून बैलांकडे जायचा.

पुढं काही वर्षांनी औरंगाबादच्या एका दवाखान्यात तरुण डॉक्टरनं तिचं रक्त मुंबईला धाडलं. तिथं एक नवी तपासणी निघाली होती. उत्तर आल्यावर त्यानं दोघांना समोर बसवलं. शिकलेल्या माणसाला समजावून सांगायची भारी हौस.

"बाई, तुमचं आतडं वर्षानुवर्षं सुजलेलं आहे. अशा आतड्यात कॅन्सर धरू शकतो. तुमच्या रक्तात एक प्रथिन फार वाढलंय. ते आईच्या पोटातल्या बाळात असतं, जन्मल्यावर जवळजवळ नाहीसं होतं. नुसत्या सुजेनंही थोडं वाढतं, पण इतकं नाही. एक्स-रेच्या फोटोत गाठही दिसते. ऑपरेशन करावं लागेल."

मिराबाईनं पुढचं ऐकलंच नाही. पोटातल्या बाळाचं काहीतरी तिच्या रक्तात परत आलं होतं. म्हणजे बांधावर रडणारी लेक घरी आली होती.

"मी न्हाई कापून घेत," व्हरांड्यात येऊन ती म्हणाली. "एकदा काढली तिला. आता पुन्यांदा?"

"काहून असं येड्यावानी बोलून राहिली? मरशील!"

"मरते. तिच्यासंगं मरते."

फुलसिंग चिडला, ओरडला, मग भिंतीला टेकून खाली बसला. "आन् मला कुणापाशी ठेवून चाललीस?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मिराबाईला त्याची फार दया आली. या माणसानं आजवर कुणापुढं हात पसरला नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "पर या बारीला जे निघंल ते मला दावायचं. तोंड पाहिल्याबिगर पुरू देणार न्हाई."

फुलसिंगनं आत जाऊन तिची अट सांगितली. डॉक्टरनं डोकं खाजवलं आणि कबूल केलं.

ऑपरेशननंतर ती नीट शुद्धीवर आली, तेव्हा त्यानं काचेची बरणी आणली. औषधाच्या पाण्यात लिंबाएवढी करडी गाठ होती. मिराबाईनं बरणी मांडीवर घेतली, उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली. डोळे कुठं, नाक कुठं, काही उमजेना.

"हीच का हो?" तिनं नवऱ्याला विचारलं. "अशीच व्हती?"

त्या दिवसाबद्दल फुलसिंग कधी चकार शब्द बोलला नव्हता. आता त्यानं बरणी तिच्या हातातून काढून डॉक्टरला दिली.

"न्हाई. ही आपली न्हाई. तिला केस व्हते, काळेभोर. कपाळ तुझ्यावानी. एक मूठ मिटलेली व्हती."

"मुठीत काय व्हतं?"

"काई नव्हतं. माझं बोट दिलं थोडा येळ. मंग माती लोटली."

इतकी वर्षं बांधावरून ऐकू येणारं रडं मिराबाईच्या गळ्यातून फुटलं. डॉक्टर म्हणाला, रडू नका बाई, टाके तुटतील. त्याचं कोण ऐकतो!